इंग्रजी निबंध: एआयकडून चुका काढून घ्या, निबंध नको

अख्खा निबंध देऊन ‘सुधारून दे’ म्हटलं की एआय तो सुधारत नाही, नव्याने लिहून देतं. विद्यार्थ्याने लिहिलेलं असतं ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’. परत येतं एक गुळगुळीत, भारदस्त वाक्य, आणि ‘अबाउट’ कुठे गळालं हे त्याच्या लक्षातही येत नाही. ही चूक मराठीतून येते. आपण समस्येविषयी चर्चा करतो. इंग्रजीत ‘डिस्कस’पुढे थेट कर्म येतं. पुढच्या निबंधात ‘अबाउट’ पुन्हा हजर.

म्हणून पहिला मसुदा टूल बंद ठेवून लिहायचा. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या दुसऱ्या लेखनप्रश्नाचं माप सोयीचं आहे: किमान २५० शब्द, साधारण ४० मिनिटं. मुद्दे सुचतच नसतील तर एआयकडे मुद्दे मागू नयेत, प्रश्न मागावेत: ‘या विषयावर मला पाच प्रश्न विचार, उत्तरं देऊ नकोस.’ उत्तरं आधी मराठीत सुचली तरी बिघडत नाही.

मग एका वेळी एकच परिच्छेद टाकायचा. सूचना साधारण अशी: ‘मी इंग्रजी शिकतोय. यातल्या जास्तीत जास्त पाच चुका दाखव. चुकलेले शब्द तेवढे लिही, चुकीचा प्रकार मराठीत सांग, दुरुस्त वाक्य देऊ नकोस.’ शेवटची अट राहिली तर मुसळ केरात. गप्पा लांबल्या की टूल ती विसरतंही; तेव्हा सूचना पुन्हा चिकटवायची. ‘आता बरोबर आहे का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः दुरुस्ती केल्यानंतरच.

मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे ‘द’ आणि ‘अ’च्या चुका ढिगाने निघतात. त्यांची फेरी वेगळी ठेवा, नाहीतर पाचही जागा त्याच खातात. एकच चूक तीनदा दिसली की तिच्यावर दहा सराववाक्यं बनवून घ्यावीत. या कामात एआय तरबेज आहे. उलट, बरोबर वाक्यालाही ते कधी नावं ठेवतं. ‘ही चूक आहे की फक्त शैली?’ असं विचारावं, आणि शंका उरलीच तर शब्दकोशातली उदाहरणं पाहावीत.

सगळे मसुदे जपून ठेवा. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मजकूर एआयने लिहिलाय का हे ओळखणारे सात एआय डिटेक्टर तपासले, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. मोजकाच शब्दसंग्रह त्यांच्या अंगाशी आला. असा आळ आलाच तर गूगल डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी, म्हणजे मजकुरातल्या बदलांची नोंद, उघडून दाखवता येते. म्हणून पहिला मसुदाही तिथेच टाइप करावा, तयार मजकूर आणून चिकटवू नये.