शाळेत पर्जन्यमापक बनवा, मुलांना पावसाचा ‘मिलिमीटर’ समजेल

‘काल ४० मिलिमीटर पाऊस पडला’ हे चौथीतलं मूल सहज वाचतं. पण पाणी लिटरमध्ये मोजतात, मग पाऊस पट्टीने का? ही अडचण आधी सोडवा, उपकरण नंतर बनवा.

त्यासाठी सरळ भिंतींचे तीन डबे घ्या: एक अरुंद, एक मध्यम, एक पसरट. पाऊस सुरू होताच उघड्यावर शेजारी शेजारी ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी मुलांनाच पट्टी बुडवून मोजू द्या. पसरट डब्यात पाणी जास्त असतं, पण तिन्हींत खोली जवळपास सारखीच भरते. ही खोली म्हणजेच पावसाचे मिलिमीटर. (परात किंवा बादली नको. भिंती तिरक्या असल्या की माप चुकतं.)

आता पर्जन्यमापक. शीतपेयाची २ लिटरची, मधला भाग सरळ असलेली बाटली घ्या. खांदा जिथे सुरू होतो तिथे कापा. हे काम शिक्षकांनीच करावं आणि धारेवर चिकटपट्टी लावावी. झाकण काढून वरचा तुकडा उलटा बसवला की नरसाळं तयार होतं आणि बाष्पीभवनही कमी होतं. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी ओता. ती पातळी म्हणजे शून्य. तिथून वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा करा.

नरसाळ्याचं तोंड बाटलीइतकंच रुंद हवं. ५ सेंमी रुंद बाटलीवर १० सेंमीचं नरसाळं बसवलं, तर आकडा दुप्पट नाही, चौपट येतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं.

जागा निवडताना घाई करू नका. सर्वाधिक चुका इथेच होतात. ३ मीटर उंचीच्या भिंतीपासून किमान ६ मीटर दूर राहा, झाडाखाली तर नकोच. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर ठेवा, म्हणजे जमिनीवरचे थेंब उडून आत येत नाहीत. बाटलीभोवती विटा रचा, नाहीतर वाऱ्याने कलंडते.

हवामान खातं सकाळी ८:३० ला नोंद घेतं. शाळा उशिरा भरत असेल तर दुसरी वेळ ठरवा, पण ती रोज तीच ठेवा. डोळे पाण्याच्या पातळीत आणून खालच्या वक्राशी वाचा, मग पाणी पुन्हा शून्यावर आणा. कोरड्या दिवशी ‘०’ लिहायलाच हवा, कारण रिकामा चौकोन म्हणजे नोंदच झाली नाही. रविवारची नोंद चुकली तर सोमवारी ‘दोन दिवसांचा एकूण’ असं लिहा, निम्मं-निम्मं वाटू नका. कोकणात एका दिवसात बाटली भरून वाहू शकते, तिथे दोनदा वाचा.

वहीत आठ-दहा नोंदी झाल्या की छपराचा हिशेब घाला. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ६ बाय ५ मीटरच्या वर्गावर २० मिलिमीटर पडला तर ६०० लिटर! उतरत्या पत्र्याचं क्षेत्रफळ मात्र जमिनीवर पडणाऱ्या सावलीइतकं, म्हणजे आडवंच धरा. पत्र्याची तिरकी लांबी मोजली की उत्तर फुगतं.

मुलांचा आकडा महसूल मंडळाच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) सरकारी पावसाच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. चार-पाच किलोमीटरवर पाऊस खरोखरच वेगळा असतो. अशा वेळी वहीतला आकडा खोडायला लावू नका, दोन्ही शेजारी शेजारी लिहू द्या.