जिमी रॉजर्सची हवाईयन स्टील गिटारची ध्वनिमुद्रणे शोधताना या चुका टाळा

अमेरिकेतील कंट्री संगीताचा जनक मानला जाणारा जिमी रॉजर्स ४ ऑगस्ट १९२७ रोजी टेनेसीतील ब्रिस्टल येथे व्हिक्टर कंपनीसाठी पहिल्यांदा गायला, आणि २६ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. सहा वर्षांहूनही कमी असलेल्या या काळात त्याची शंभराहून थोडी अधिक गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्यांतील काहींना हवाईयन स्टील गिटारची, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवत वाजवायच्या गिटारची साथ आहे. साठा इतका मर्यादित असल्यामुळे ही मुद्रणे शोधणे मुळात अवघड नाही. तरीही या छंदाकडे नव्याने वळलेली मंडळी वर्षानुवर्षे त्याच त्या ठिकाणी अडखळताना मी पाहत आलो आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: आधी ऐकायचे आणि नोंदी नंतर, जमल्यास, पाहायच्या ही सवय. माझे मत याच्या नेमके उलट आहे. मुद्रण कोणत्या तारखेचे, कोणत्या गावातले आणि साथीला कोण, या तीन गोष्टी कागदावर आल्याशिवाय कानावर विसंबू नये.

शीर्षकात ‘हवाई’ शोधणे

बहुतेक जण शोधाच्या चौकटीत गायकाचे नाव आणि ‘हवाई’ हा शब्द टाकतात, ‘एव्हरीबडी डझ इट इन हवाई’ हे एक गाणे सापडले की समाधान मानतात आणि तिथेच थांबतात. ते गाणे ऑगस्ट १९२९मध्ये डॅलसला मुद्रित झाले, त्यात जो कायपोचे स्टील आहे आणि ते ऐकण्याजोगेही आहे; पण तेवढ्यावर शोध संपवणे म्हणजे बाकीच्या साऱ्या खजिन्याकडे पाठ फिरवणे होय. त्याच मुक्कामात मुद्रित झालेल्या ‘टक अवे माय लोनसम ब्लूज’ या गाण्यातही कायपो आहे, मात्र शीर्षकावरून त्याचा पत्ता कुणालाही लागणार नाही.

म्हणून गाण्यांच्या नावांऐवजी मुद्रणाच्या बैठकी धराव्यात. फेब्रुवारी १९२८मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डन येथे एल्सवर्थ कझेन्स साथीला होता, आणि ‘डिअर ओल्ड सनी साउथ बाय द सी’ हे त्या बैठकीतील गाणे. ऑक्टोबर १९२८मध्ये अटलांटाला जॉन वेस्टब्रुकने स्टील वाजवले; ‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ हे रॉजर्सचे अत्यंत गाजलेले गाणे तिथलेच आहे. कॉर्नेट आणि क्लॅरिनेट यांच्या गर्दीतून वेस्टब्रुकची स्टील गिटार ज्या संयमाने वावरते, ती नीट ऐकलेली माणसे मला फार थोडी भेटली आहेत. त्यानंतर १९२९चे डॅलस आणि मग १९३०च्या उन्हाळ्यातील हॉलिवुड, जिथे लानी मॅकिन्टायरचा हवाईयन वाद्यवृंदच साथीला आला. पुढे जून १९३१मध्ये लुइव्हिल येथे क्लिफ कार्लाइलने स्टीलची साथ केली. या पाच थांब्यांची यादी वहीत लिहून ठेवावी आणि प्रत्येक थांब्यावर कोणकोणती गाणी झाली, हे तिच्यापुढे भरत जावे. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने अमेरिकेतील जुन्या ध्वनिमुद्रणांची जी सूची इंटरनेटवर मोफत खुली केली आहे, तीत व्हिक्टरच्या दप्तरांतील तारखा, ठिकाणे आणि टेक (एकाच गाण्याच्या मुद्रणाचे वेगवेगळे प्रयत्न) यांच्या नोंदी मिळतात. तिथे घालवलेली एक संध्याकाळ पुढचे कित्येक महिने वाचवते.

नंतर चढवलेले स्टील मूळचे समजणे

ही चूक सर्वांत महाग पडते आणि सर्वांत जास्त वेळा होते, म्हणून तिच्यावर विस्ताराने लिहितो.

काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका तरुण संग्राहकाने मला ‘इन द जेलहाउस नाऊ नंबर टू’ या गाण्याची एक फाइल मोठ्या उत्साहाने पाठवली. रॉजर्सच्या हवाईयन बैठकीतील एक दुर्मिळ टेक हाती लागला आहे, असे त्याला परदेशातील एका विक्रेत्याने सांगितले होते, आणि मूळ तबकडीसाठी त्याने आगाऊ रक्कमही धाडली होती. विक्रेत्याचे सांगणे वरवर अगदी जुळत होते. हे गाणे खरोखरच जुलै १९३०मध्ये हॉलिवुडला मुद्रित झाले होते, त्याच उन्हाळ्यात मॅकिन्टायरची मंडळी त्याच शहरात रॉजर्सबरोबर वाजवत होती, आणि फाइलमध्ये स्टील गिटार स्पष्ट ऐकू येत होती. एवढे सगळे जुळल्यावर नवख्या माणसाने विश्वास का ठेवू नये?

मी त्याला एकच गोष्ट विचारली: तबकडी मिनिटाला किती फेऱ्यांची आहे? उत्तर आले, ४५. आरसीए व्हिक्टरने (व्हिक्टर कंपनीचे पुढचे नाव) ४५ फेऱ्यांची तबकडी बाजारात आणली ती १९४९मध्ये, म्हणजे रॉजर्सच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. तेवढ्यावरून ती जुन्या मुद्रणाची नवी आवृत्ती आहे एवढेच ठरते. परंतु नव्या आवृत्तीत नवे काही घातले आहे का, हा पुढचा प्रश्न तिथूनच निघतो. १९५५मध्ये आरसीए व्हिक्टरने रॉजर्सच्या काही जुन्या मुद्रणांवर कंट्री गायक हँक स्नोच्या रेनबो रँच बॉइज या वाद्यवृंदाची साथ वरून चढवली आणि ती नव्याने विकायला काढली. ‘इन द जेलहाउस नाऊ नंबर टू’ हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले असून त्या वर्षी ते कंट्री गाण्यांच्या क्रमवारीतही चढले होते. आवाज १९३०चा आणि स्टील १९५५चे, असा तो प्रकार होता. त्या तरुणाचे पैसे परत आले नाहीत.

याची पारख कानाने करता येते, मात्र काय ऐकायचे ते आधी ठाऊक हवे. विजेवर चालणारी स्टील गिटार रिकनबॅकरच्या कारखान्यातून १९३२पासून विकली जाऊ लागली. त्यामुळे १९२८ ते १९३१ या काळातील मूळ मुद्रणांत विजेवरचे स्टील असणे शक्यच नाही. साध्या स्टीलचा स्वर छेडल्याबरोबर उमटतो आणि लगेच ओसरू लागतो, त्यामुळे वादकाला तो कांडीच्या कंपाने जिवंत ठेवावा लागतो. विजेवरच्या स्टीलचा स्वर लांबतो, आणि आवाज कमी-जास्त करण्याची सोय असल्याने तो मध्येच फुगतोही. असा फुगणारा स्वर ऐकू आला की ती फाइल मी बाजूला ठेवतो आणि बैठकीच्या नोंदीत वादकांची नावे पाहतो. नोंदीत स्टील वाजवणाऱ्याचे नाव नसेल तर कान काहीही म्हणोत, मी ते मुद्रण यादीत घेत नाही.

गाणे ओळखून देणारी मोबाइलमधील ॲप या कामी निरुपयोगी आहेत. गाणे आणि गायक ती बरोबर सांगतात, आणि नेमके त्यामुळेच माणूस निर्धास्त होतो; साथ कोणत्या सालची आहे हे ती सांगू शकत नाहीत. झटपट उत्तराच्या या ओढीने शोधाची सवयच मोडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या जिमी रॉजर्सच्या मागे लागणे

नावाचे स्पेलिंग अक्षरन् अक्षर तेच असलेला आणखी एक अमेरिकन गायक होऊन गेला. तो १८ सप्टेंबर १९३३ रोजी, म्हणजे पहिल्या जिमीच्या मृत्यूनंतर चार महिन्यांच्या आत जन्मला, आणि १९५७च्या ‘हनीकोम’ या गाण्याने प्रसिद्धीस आला. ऑनलाइन विक्रीच्या याद्यांत दोघांच्या तबकड्या सर्रास एकत्र केलेल्या असतात. शोधताना नावापुढे ‘ब्लू योडेल’ (पहिल्या जिमीच्या गाण्यांच्या मालिकेचे नाव) किंवा ‘ब्रिस्टल’ हे शब्द जोडावेत. दुसरा जिमी बहुतांशी गळून पडतो.

प्रकाशनाच्या सालावरून मुद्रणाचे साल ठरवणे

‘द वन रोझ’ हे गाणे मॅकिन्टायरच्या मंडळींसह १९३०च्या उन्हाळ्यात मुद्रित झाले, पण बाजारात आले १९३७मध्ये. लेबलवरच्या वा यादीतल्या सालावर जाणारा माणूस ते मृत्यूनंतरची जोडणी समजून सोडून देतो, आणि १९५५ची जोडणी मात्र आनंदाने घरी आणतो.

भारतात फक्त ‘व्हिक्टर’ शोधणे

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्यांचे गठ्ठे चाळणारे काही उत्साही लोक व्हिक्टरचे लेबल दिसत नाही म्हणून निराश होऊन परततात. ते लेबल इथे अपेक्षित धरणेच चुकीचे आहे, कारण रॉजर्सच्या तबकड्या भारतात ‘ट्विन’ या लेबलवर निघाल्या. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात त्या रीगल झोनोफोनवर मिळत. देश बदलला की तबकडीचा कॅटलॉग क्रमांक बदलतो, म्हणून अमेरिकन क्रमांक घेऊन इथे फिरू नये. मुद्रणाला मिळालेला मॅट्रिक्स क्रमांक हा खरा धागा आहे. खरेदीला जाताना मी पाचही बैठकींतील गाण्यांची नावे आणि त्यांचे मॅट्रिक्स क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतो. सगळा संच एकत्र हवा असणाऱ्यांनी बेअर फॅमिली या जर्मन कंपनीचा १९९२चा सहा सीडींचा संच मिळवावा.

तबकडी हाती आल्यावर

लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. पॉलिशवाले चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात, आणि या तबकडीत तोच चपडा असतो. डिस्टिल्ड पाणी, थेंबभर सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसे आहेत, मात्र कागदी लेबल ओले होऊ देऊ नये.

लाँग प्लेची सुई ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर लावू नये. जुन्या खोबणीला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. लाँग प्लेची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही बारीक असल्याने ती खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि तिथला सगळा कचरा ऐकवते. मग लोक तबकडी खराब झाली आहे असा निष्कर्ष काढतात.

संगणकावर प्रत केल्यावर खरखर पूर्ण नाहीशी करण्याचा मोहही आवरावा. कांडी तारेवरून सरकताना होणारा बारीक आवाज आणि स्टीलचे वरचे स्वनांश (मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच उपस्वर) हे तबकडीच्या खरखरीच्याच पट्ट्यात येतात, त्यामुळे सॉफ्टवेअरची मात्रा वाढवली की खरखरीबरोबर तेही जातात, आणि उरलेली स्टील गिटार बोथट ऐकू येते. कोणतीही सफाई न केलेली कच्ची प्रत आधी वेगळी जपून ठेवावी, तिला मॅट्रिक्स क्रमांक, टेक आणि मुद्रणाची तारीख असे नाव द्यावे, आणि जी काही सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर करावी.