लॅग्रांजियन लिहिलंत, आता या चुका टाळा

लॅग्रांजियन, म्हणजे गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा, मांडलं की अर्धी लढाई जिंकली, असं एम.एस्सी.च्या पोरांना वाटतं आणि मग हात सैल सुटतो. माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी चूक म्हणजे गतीत न बदलणाऱ्या (स्थिर) राशीची किंमत थेट लॅग्रांजियनमध्येच कोंबणं.

गंगापूर रोडवरच्या आमच्या क्लासमध्ये एकाने ग्रहाचं गणित फळ्यावर घेतलं: आर म्हणजे सूर्यापासूनचं अंतर, थीटा म्हणजे कोन. थीटा लॅग्रांजियनमध्ये येत नाही, म्हणून कोनीय संवेग स्थिर. इथवर झकास. मग पठ्ठ्याने त्यातून थीटा-डॉट, म्हणजे कोन बदलण्याचा दर, काढला आणि लॅग्रांजियनमध्ये टाकून मोकळा झाला. "सर, एकच चल उरलं!" आरचं समीकरण काढलं, तर अपकेंद्री, म्हणजे ग्रहाला बाहेर ढकलणाऱ्या, पदाचं चिन्ह उलटं. त्या हिशेबाने पृथ्वी केव्हाच सूर्यात पडली असती. त्यावर हा म्हणतो, "कुठेतरी चिन्ह चुकलं असेल," आणि बोटाने वजा पुसून अधिक केलं. उत्तर पुस्तकाशी जुळलं! माझं टाळकंच सटकलं.

लॅग्रांजियनमधून गतीचं समीकरण देणारं ऑयलर-लॅग्रांज समीकरण काढताना आर हलवायचा तर थीटा आणि थीटा-डॉट जागच्या जागी धरायचे असतात. तुम्ही थीटा-डॉट आधीच आरच्या दावणीला बांधलात, की आरसोबत तोही हलणार. माझी सवय साधी आहे: आधी सगळी समीकरणं, किमती मग. फारच घाई असेल तर लॅग्रांजियनमधून कोनीय संवेग गुणिले थीटा-डॉट वजा करून राउथियन घ्या, त्यात खुशाल किंमत टाका. लोलकाच्या दांड्याची ठरलेली लांबी मात्र आधी टाकलेली चालते. ते बंधन आहे, गतीतून निघालेला निष्कर्ष नव्हे. मिसळीसाठी अर्धा तास रांगेत उभे राहतात, पण दोन ओळी जास्त लिहायच्या म्हटलं की यांच्या जिवावर येतं.

थीटाच्या समीकरणात आर-वर्ग गुणिले थीटा-डॉटचं काळानुसार अवकलन करताना आर-वर्गाचंही करा. दर बॅचला ते पद गळतं.

ऑयलर-लॅग्रांजऐवजी थेट एक स्थिर राशी हातात देणारं बेल्ट्रामीचं सूत्र स्वतंत्र चल उघडपणे येत नसेल तरच वापरा. योहान बर्नुलीने १६९६ मध्ये घातलेल्या ब्रॅकिस्टोक्रोनच्या (सगळ्यात कमी वेळात घसरत खाली नेणाऱ्या वक्राच्या) कोड्याला ते लागू पडतं. ज्या लोलकाचा आधार आपण ठरवून वरखाली हलवतोय, तिथे स्वतंत्र चल, म्हणजे काळच, लॅग्रांजियनच्या आत शिरतो; ते सूत्र विसरा.

"क्रिया (लॅग्रांजियनचं काळावरचं संकलन) किमान असते" असं पेपरात लिहू नका. स्प्रिंगवरच्या वस्तूसाठी अर्ध्या आवर्तकाळापेक्षा जास्त अवधी घेतला, तर ती किमान राहत नाही. "स्थिर मूल्य" (stationary) लिहा, म्हणजे मार्ग किंचित हलवला तर पहिल्या क्रमाला क्रिया बदलत नाही.

आणि टोक मोकळं असेल तर सीमापद (खंडशः संकलनातून टोकांवर उरणारं पद) शून्य म्हणून उडवू नका. कॅन्टिलिव्हरच्या, म्हणजे एकाच टोकाला पक्क्या बसवलेल्या तुळईच्या, मोकळ्या टोकाला मोमेंट (वाकवणारं आघूर्ण) आणि शिअर (आडवं कातरणारं बल) शून्य, या अटी त्याच पदातून निघतात. मेकॅनिकलवाले त्या पाठ करून येतात.