एकाच ४४३ पोर्टवर वेबसाइट पण आणि एसएसएच पण कसं चालवायचं

बऱ्याच ऑफिस आणि हॉटेलच्या वायफायवर बाहेर जायला फक्त ८० आणि ४४३ पोर्ट (म्हणजे वेबसाइटची नंबर दिलेली दारं) उघडे असतात, एसएसएचचा २२ बंद, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) करायचं तर झाली पंचाईत. आता ४४३ वर एसएसएच बसवावं तर तिथे एनजिनएक्स (वेबसाइट चालवणारा वेब सर्व्हर) आधीच बसलेला, आणि दुसरा प्रोग्रॅम तोच पोर्ट मागायला गेला की ॲड्रेस वापरात आहे असं सांगून सिस्टीम हाकलून देते.

यावर उपाय म्हणजे दारावर एक मधला प्रोग्रॅम बसवायचा. तो आलेल्या कनेक्शनचे पहिले काही बाइट वाचतो आणि ठरवतो की हे कुणाकडे पाठवायचं. एसएसएचचा क्लायंट (कनेक्ट करणारा प्रोग्रॅम) सुरुवातच 'एसएसएच-२.०' अशा ओळीने करतो, साधं एचटीटीपी असेल तर गेट किंवा पोस्ट असा शब्द येतो, आणि टीएलएसचा (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) पहिला बाइट असतो २२ (एसएसएचचा पोर्टही २२च, पण हा निव्वळ योगायोग). म्हणजे आत काय आहे हे उलगडून बघायची गरजच नाही, सर्टिफिकेट वगैरे सगळं एनजिनएक्सकडेच राहतं.

असा मधला प्रोग्रॅम म्हणून मी एसएसएलएच वापरतो, कारण तो फक्त हेच काम करतो.

१. आधी एक एसएसएच सेशन उघडं ठेवा आणि काम संपेपर्यंत बंद करू नका. हे खरंच ऐका.

२. एनजिनएक्सच्या सगळ्या साइट्सच्या फायलींत ४४३ च्या जागी १२७.०.०.१ (म्हणजे सर्व्हरचा स्वतःचाच आतला पत्ता) वरचा ८४४३ टाका. एक जरी फाइल राहिली तरी एनजिनएक्स ४४३ सोडणार नाही. मग तो रीस्टार्ट करा.

३. एसएसएलएच इन्स्टॉल करा. डेबियनवर इन्स्टॉल करताना तो इनेटडी की स्टँडअलोन असं विचारतो, स्टँडअलोन (स्वतंत्रपणे कायम चालू राहणारा) घ्या.

४. सेटिंगमध्ये तीनच गोष्टी सांगायच्या: ऐकायचं ४४३ वर, एसएसएच आलं तर १२७.०.०.१ च्या २२ ला, टीएलएस आलं तर ८४४३ ला. सर्व्हिस चालू करा.

५. आता दुसऱ्या नेटवर्कवरून, मोबाइलचं हॉटस्पॉट चालेल, ब्राउझरमध्ये साइट उघडून बघा आणि पोर्ट ४४३ देऊन एसएसएच करून बघा.

काही क्लायंट कनेक्ट होऊन गप्प बसतात, आधी सर्व्हरने बोलावं म्हणून. अशा वेळी एसएसएलएच काही सेकंद थांबतो आणि मग हे एसएसएचच असणार असं धरून चालतो, त्यामुळे लॉगिनला जरा वेळ लागला तर घाबरू नका. पण याचाच अर्थ असा की जिथे आधी सर्व्हर बोलतो असा प्रोटोकॉल, उदाहरणार्थ मेलचा एसएमटीपी, तो याच पोर्टवर आणखी कोंबता येत नाही, कारण दोन्ही क्लायंट गप्प बसले तर ओळखणार कसं? ओपनव्हीपीएन (व्हीपीएनचा प्रोग्रॅम) मात्र टीसीपीवर असेल तर चालतं, कारण तिथे क्लायंट आधी बोलतो.

खरी डोकेदुखी लॉगची. मध्ये एसएसएलएच आल्यामुळे एनजिनएक्स आणि एसएसएच दोघांनाही प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरूनच आलेला दिसतो, आणि मग फेल२बॅन (लॉग बघून चुकीचे लॉगिन करणाऱ्यांचे आयपी अडवणारा प्रोग्रॅम) कुणाला ब्लॉक करणार, डोंबल? एनजिनएक्सला प्रॉक्सी प्रोटोकॉल (खरा आयपी पुढच्या प्रोग्रॅमला कळवायची पद्धत) समजतो, ओपनएसएसएचला (नेहमीचा एसएसएच सर्व्हर) समजत नाही. एसएसएलएचमध्ये ट्रान्सपरंट मोड आहे, त्यात खरा आयपी पुढे जातो, पण त्यासाठी आयपीटेबल्स (लिनक्सचा फायरवॉल) आणि राउटिंगचे नियम लिहावे लागतात. तेवढी खटपट नको असेल तर एसएसएचचं पासवर्ड लॉगिन बंद करून फक्त 'की' (चावीची फाइल) वापरून लॉगिन ठेवा, मी तेच करतो.

वेगळा प्रोग्रॅम नको असेल तर एनजिनएक्सच्या स्ट्रीम मॉड्यूलमध्ये १.१५.२ पासून, म्हणजे २०१८ पासून, टीएलएस आणि बाकीचं वेगळं करायची सोय आहे.

आणि एक, यात काही लपत नाही बरं का. जो फायरवॉल नुसता पोर्ट नंबर न बघता आतलं पण तपासतो त्याला ती एसएसएचची पहिली ओळ स्पष्ट दिसते आणि तो तिथेच अडवतो.