गोव्यात सरकारी कारभाराचा छडा लावताना या चुका टाळा

डोंगर कापला जातो, भातशेतीचा झोन बदलतो, पंचायत बांधकाम परवाना देते. मग गावातली चार मुले चिडून माहिती हक्काचा अर्ज टाकतात. महिन्याने उत्तर येते, "माहिती उपलब्ध नाही." बहुतेकांचा शोध तिथेच संपतो आणि ‘सगळे एकमेकांना सामील आहेत’ एवढाच निष्कर्ष हाती उरतो. हे पाहून वाईट वाटते, कारण अनेकदा कागद त्याच कार्यालयाच्या कपाटात असतो आणि चूक मागण्यात झालेली असते.

प्रश्न विचारू नका, कागद मागा

"या बांधकामाला परवानगी का दिली?" असे लिहिलेला अर्ज जवळजवळ वाया गेलाच म्हणून समजा. कार्यालयाकडे जी माहिती नोंदींच्या रूपात आहे तीच द्यायची असते. नवी माहिती तयार करणे किंवा कारणमीमांसा लिहून देणे बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून कागदांची नावे घ्या. सर्व्हे क्रमांक आणि सब-डिव्हिजन, टीसीपीचा (नगरनियोजन खात्याचा) टेक्निकल क्लिअरन्स, जागेच्या पाहणीचा अहवाल, परवाना मंजूर झालेल्या पंचायत बैठकीचे इतिवृत्त आणि फाइलचे नोटिंग, म्हणजे फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे.

नोटिंग तर कधीच विसरू नका. परवान्यात फक्त निर्णय दिसतो. हरकत कोणी नोंदवली, ती कोणी बाजूला सारली, फाइल एका टेबलावर चार महिने पडून राहिली आणि पुढच्या तीन टेबलांवरून दोन दिवसांत कशी सरकली, हे सगळे नोटिंगमध्ये सापडते. उत्तरदायित्वाचा अभ्यास खरा इथे सुरू होतो.

फाइल किती पानांची आहे हे माहीत नसेल तर आधी पाहणी मागा. कायद्याच्या दुसऱ्या कलमातच तो हक्क आहे. बसून फाइल चाळा आणि हवी तेवढीच पाने घ्या.

महाराष्ट्रातून येणारे अभ्यासक आणखी एका ठिकाणी अडखळतात. इथे सातबारा नाही, त्याच्या जागी एक-चौदाचा उतारा आहे. जमिनीच्या रूपांतराची सनद वेगळी मागावी लागते. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची असेल तर कोमुनिदाद प्रशासकाच्या कार्यालयाची वाट धरावी लागते. एकाच इमारतीचे कागद पंचायत, टीसीपी, जिल्हाधिकारी कार्यालय आणि किनाऱ्यालगत जीसीझेडएमए (गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण) असे विखुरलेले असतात. एकाच ठिकाणी अर्ज देऊन तो पाच दिवसांत पुढे पाठवला जाईल याची वाट पाहण्यापेक्षा सगळीकडे एकाच दिवशी वेगवेगळे अर्ज द्या.

उत्तर अडले तर

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करायचे. तिथेही पदरी काही पडले नाही, तर नव्वद दिवसांत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. या मुदती हुकवणे ही सर्वांत महागडी चूक आहे.

"फाइल सापडत नाही" हे कारण माहिती नाकारण्याच्या, कलम ८ मधल्या अपवादांत कुठेच नाही. माहिती आयोग अशा प्रकरणी चौकशीचा आदेश देऊ शकतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. अपिलात तशी मागणी स्पष्ट शब्दांत करा. वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नकार आला तर थोडी जास्त तयारी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कलम ८(१)(जे) बदलले आहे आणि हा बदल नागरिकांच्या विरोधात जाणारा आहे असे माझे ठाम मत आहे. तरीही कलम ८(२) मधला जनहिताचा आधार शिल्लक आहे, आणि कलम १० प्रमाणे खासगी मजकूर झाकून उरलेली पाने मागता येतात. अर्जात कारण द्यावे लागत नाही. अपिलात मात्र जनहित कोणते ते लिहाच.

गाजलेला आकडा आणि सिद्ध झालेली गोष्ट

खाणींचे उदाहरण प्रत्येक अभ्यासकाने नीट समजून घ्यावे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा घरोघरी पोहोचला. आजही लेखांत, भाषणांत तो न्यायालयाने ठरवल्यासारखा येतो. प्रत्यक्षात तो आयोगाचा अंदाज होता. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, लीजधारकांना बाजू मांडण्याची संधी मिळाली नसेल तर केवळ या अहवालाच्या आधारे खटले भरण्याचे निर्देश देणार नाही, असे म्हटले.

पण त्याच निकालात कितीतरी भक्कम गोष्ट आहे. लीजचे पहिले नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपले होते आणि त्यानंतरचे खाणकाम बेकायदा होते, असे न्यायालयाने सांगितले. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचे दुसरे नूतनीकरण रद्द झाले. ही तारीख आणि ही संख्या कोणी खोडून काढू शकत नाही. त्यांच्यावर उभा राहिलेला युक्तिवाद टिकतो. ३५ हजार कोटींवर उभा केलेला पहिल्याच उलटतपासणीत डळमळतो, आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपेतल्या लोकांचे खरे प्रश्न त्या वादात मागे पडतात.

कॅगचा अहवाल वाचतानाही हेच भान ठेवा. तिथले निष्कर्ष बहुधा नमुना तपासणीचे असतात. खात्याने दिलेले उत्तर खालीच छापलेले असते, ते गाळू नका.

तारखा मांडल्याशिवाय आरोप नको

नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये भूखंडाचा झोन बदलू देणारे १७(२) हे पोटकलम आले, त्याखाली नियम झाले आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले. एखाद्या भूखंडाबद्दल लिहायचे असेल तर झोन बदलाच्या दिवशी कोणता नियम लागू होता हे राजपत्रातून काढावेच लागते.

पक्षांतराचेही तसेच. दहा आमदार जुलै २०१९ मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. सभापतींनी अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या एप्रिल २०२१ मध्ये. १४ फेब्रुवारी २०२२ ला पुढच्या विधानसभेसाठी मतदान झाले आणि उच्च न्यायालयाने सभापतींचा निर्णय कायम ठेवला तो त्यानंतर, २४ फेब्रुवारीला. ‘कायदा मोडला’ असे लिहिले तर निकाल तुमच्या विरुद्ध आहे. एवढा विलंब मतदाराच्या हातात काय ठेवतो, हा प्रश्न मात्र या तारखांतूनच उभा राहतो आणि तो अभ्यासाचा विषय आहे. लोकायुक्तांचे पद ऑक्टोबर २०१३ पासून एप्रिल २०१६ पर्यंत रिकामे होते, हीदेखील अशीच बोलकी नोंद.

जाता जाता दोन गोष्टी

विधानसभेच्या एलएक्यूंची (आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची) उत्तरे आणि जोडपत्रे आधी चाळा. अर्ज न करताच अर्धी यादी तिथे मिळते.

लिहून झाल्यावर संबंधित अधिकाऱ्याला लेखी प्रश्न पाठवा आणि उत्तराला पुरेसे दिवस द्या. सही वरच्याची असताना खालच्या कारकुनाचे नाव छापू नका. छोट्या राज्यात त्याची मुले त्याच शाळेत जातात. अर्ज दोघा-तिघांच्या नावाने द्या, म्हणजे दबाव एकट्यावर येत नाही. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का तारखेसह घ्या, कारण अपिलाची मुदत मोजताना आयोगासमोर तोच दाखवावा लागतो.