पावसाळ्यात रुसलेला पाणी पिणारा पक्षी

ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे. तिच्यावरची बाटली उचलली की ती थांबते. इथल्या माणसाला असल्या करामतींचं वेड लागलं तर नवल काय!

माझं सध्याचं वेड म्हणजे काचेचा डुलणारा पक्षी, समोरच्या पेल्यात पुन्हापुन्हा चोच बुडवणारं खेळणं. १९४६ साली माइल्स सलिव्हन यांना अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं. ओल्या डोक्यावरचं पाणी उडतं, डोकं गार होतं, आतला वाफेचा दाब घटतो आणि खालच्या फुग्यातला द्रव नळीतून वर चढतो. डोकं जड झालं की स्वारी पाण्यात वाकते. मे महिन्यात ग्वाल्हेरमधल्या आमच्या लष्कर नावाच्या भागातल्या कोरड्या हवेत तो अखंड डोलायचा. पावसाळा लागला आणि ठप्प! दमट हवेत पाणी उडणार कसं?

आधी डोक्यावरच्या फेल्टवर साचलेले बोअरच्या पाण्याचे क्षार व्हिनेगरच्या बोळ्याने काढले, मग डिस्टिल्ड पाण्याने धुतलं. थोडाच फरक पडला. खरं काम केलं टेबलफॅनने: मंद वेग, आणि बऱ्यापैकी लांब. थेट झोतात पक्षी नुसता थरथरतो. पाण्याऐवजी चोचीला स्पिरिट लावलं तर आणखी जोरात चालतो, पण मग उदबत्ती दूर ठेवा. आत बहुधा डायक्लोरोमिथेन हे झटकन उडणारं, विषारी रसायन असतं, तेव्हा काच तडकली असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका.