आयन-बीमचा टेस्ट बेंच: पार्ट करून घेताना आणि बीम तपासताना या चुका टाळा

आयन-बीमच्या बेंचवर सोर्स गॅसपासून आयन (विद्युतभारित अणू) बनवतो आणि हाय व्होल्टेज त्यांचा झोत, म्हणजे बीम, टार्गेटकडे पाठवते. सप्लायवर १० मिलिअँपिअर दिसतात आणि टार्गेटवर जेमतेम ६ पोहोचतात. लगेच सोर्स खोलला जातो, गॅस वाढवला जातो, लेन्सचा नॉब तासभर इकडून तिकडे फिरवला जातो. पण बहुतेक वेळा ते ४ मिलिअँपिअर वाटेत हरवलेलेच नसतात, कारण ते बीममध्ये कधी नव्हतेच. हाय व्होल्टेज सप्लायचा मीटर सगळ्याची बेरीज दाखवतो: बाहेर पडलेले आयन, आयन बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्शन इलेक्ट्रोडवर आदळलेले आयन, तिथून सुटून उलटे सोर्सकडे धावलेले इलेक्ट्रॉन आणि ओलसर सिरॅमिकवरून अर्थकडे झिरपणारा करंट. या बेरजेला बीम म्हणणे ही पहिली चूक, आणि पुढच्या निम्म्या चुका तिच्यातूनच निघतात.

म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्या: आधी मोजमाप, मग व्हॅक्यूम, मग हाय व्होल्टेज. सोर्सला हात सगळ्यात शेवटी. इथे डोळ्यांपुढे बेळगावातला छोटा बेंच धरला आहे: २.४५ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह सोर्स, ३० किलोव्होल्ट, हायड्रोजन किंवा आर्गॉन, ५० लिटरचा चेंबर आणि सेकंदाला ३०० लिटर ओढणारा टर्बो पंप. मोठ्या प्रवेगकाचा (पार्टिकल ॲक्सिलरेटरचा) सुरुवातीचा भागही याच घडणीचा असतो, त्यामुळे इथली शिस्त तिथेही कामाला येते.

फॅरडे कप खोटे बोलतो तेव्हा

फॅरडे कप म्हणजे बीम अडवून त्याचा करंट मोजणारा धातूचा कप. आयन कपाच्या तळाशी आदळला की धातूतून इलेक्ट्रॉन उडतात. ते कपाबाहेर निसटले तर मीटरला तो जास्तीचा धन करंटच वाटतो आणि खरा बीम आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. यासाठी कपाच्या तोंडाशी सप्रेसरचे कडे बसवून त्याला उणे १०० ते ३०० व्होल्ट देतात. पण ३०० लावले म्हणजे काम झाले, असे नाही. शून्यापासून २५-२५ व्होल्टने खाली उतरा आणि प्रत्येक पायरीला करंट लिहून ठेवा. आधी तो झपाट्याने कमी होईल, मग सपाट होईल. सपाट झाला तोच खरा आकडा.

सपाट होतच नसेल तर दोन शक्यता असतात. एक तर कप उथळ आहे. खोली व्यासाच्या किमान दुप्पट हवी. किंवा बीमची कड सप्रेसरवरच घासते आहे. मग सप्रेसरच्या पुढे त्याच्यापेक्षा थोड्या लहान भोकाची, अर्थ केलेली चकती लावा.

बीम बंद ठेवून, सप्रेसर चालू करून शून्य तपासण्याचे काम जवळपास सगळेच विसरतात. पावसाळ्यात सप्रेसर आणि कप यांच्यामधल्या फीडथ्रूवर (तार आत नेणाऱ्या इन्सुलेटेड जोडावर) दमटपणा बसतो. समजा तिथला रोध घसरून १० मेगाओम झाला, तर ३०० व्होल्टला ३० मायक्रोअँपिअर गळती होते. १० मिलिअँपिअरच्या बीमला ती किरकोळ आहे. आर्गॉनचा ५० मायक्रोअँपिअरचा बीम मोजत असाल, तर मात्र तीच गळती खऱ्या आकड्याच्या ६० टक्के भरते. १० मिलिअँपिअरचा बीम कपावर ३०० वॉट टाकतो, तेव्हा पाणी लागतेच. पण बोअरचे पाणी सरळ फिरवू नका, क्षार साठून बारीक वाहिन्या बुजतात. डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याचे बंद चक्र ठेवा.

हायड्रोजन सोडला म्हणजे नुसते प्रोटॉन मिळाले, हाही गैरसमजच. सोर्समधून प्रोटॉनबरोबर दोन अणूंचे आणि तीन अणूंचे आयन निघतात. ३० किलोव्होल्टला आणि ३० सेंमी वळणत्रिज्येच्या, वस्तुमानानुसार आयन निवडणाऱ्या चुंबकात प्रोटॉन ०.०८३ टेस्लाला येतो, दोन अणूंचा ०.११८ ला, तीन अणूंचा ०.१४५ ला. चुंबक न लावता मोजलेला करंट या तिघांचा मिळून असतो. चुंबक फिरवताना ०.३५ टेस्लाच्या आसपास उंचवटा दिसला तर तो १८ वस्तुमानाचा, म्हणजे पाण्याचा. जुलैत चेंबर उघडून बंद केल्यावर तो हमखास वर येतो. त्याला सोर्सचा दोष समजून सोर्स खोलू नका, कारण खोललात की आणखी ओल आत जाईल.

पार्ट वर्कशॉपमध्ये करून घेताना

बेळगावकरांना यंत्रकामासाठी दूर जावे लागत नाही. उद्यमबागेत आणि मच्छेत लेथ, मिलिंग, फाउंड्री सगळे हाताशी आहे, आणि हायड्रॉलिकच्या कामामुळे मायक्रॉनचे माप तिथे नवे नाही. घोटाळा होतो तो सांगण्यात. हायड्रॉलिक ब्लॉकमध्ये तेल बाहेर गळू द्यायचे नसते, व्हॅक्यूमच्या जॉबमध्ये हवा आत येऊ द्यायची नसते आणि शिवाय धातूने स्वतः काही सोडायचे नसते. ड्रॉइंगवर हे लिहिलेले नसेल तर टर्नर आपल्या नेहमीच्या चांगल्या पद्धतीने काम करून देईल, आणि तीच इथे चालणार नाही.

ओ-रिंग (सांधा सील करणारे रबरी कडे) बसते ती बाजू नीट पाहा. लेथवर फिरवलेल्या पृष्ठावर हत्याराच्या रेघा गोल, वर्तुळाकार असतात. ओ-रिंग त्या रेघांवर समांतर बसते आणि हवा अडते. मग कोणी चकाकी यावी म्हणून पॉलिश पेपर आडवा घासतो. डोळ्याला पृष्ठ सुंदर दिसते, पण आता आतून बाहेर जाणाऱ्या बारीक आडव्या रेघा पडलेल्या असतात, आणि तेवढी एक रेघ गळतीला पुरते. ड्रॉइंगवर ठळक लिहा: सीलिंग पृष्ठ फक्त टर्न करावे, आर-ए (पृष्ठाचा खडबडीतपणा) ०.८ मायक्रॉन, पॉलिश पेपर लावू नये. जॉब ताब्यात घेताना प्रकाश तिरपा पाडून भिंगातून पाहा. बोटाच्या नखाला अडकेल एवढा ओरखडा असेल तर तिथेच परत करा.

ओतीव पार्ट वापरायचा मोह इथे फार होतो, कारण फाउंड्री जवळ आहे आणि पॅटर्न बनवून देणारे कसबी आहेत. स्टँड, बेस प्लेट, चुंबकाचा सांगाडा यांसाठी बीड उत्तम. पण चेंबर किंवा फ्लँज ओतकामातून काढू नका. बिडात आणि ॲल्युमिनियमच्या ओतीव तुकड्यात न दिसणारी छिद्रे असतात, ती एकमेकांना जोडलेली असतात आणि पाण्याच्या प्रेशर टेस्टला उत्तीर्ण झालेला तुकडाही इथे नापास होतो. ३०४ किंवा ३१६ एल स्टेनलेसचा रोल्ड किंवा फोर्ज्ड माल घ्या. पितळ आणि झिंक किंवा कॅडमियम प्लेटिंगचे बोल्ट आत नकोत. तापले की जस्त आणि कॅडमियम उडून इन्सुलेटरवर बसतात.

बंद तळाच्या टॅप होलमध्ये साधा स्क्रू बसवला की तळाशी हवा कोंडते आणि ती आट्यांमधून तासन्तास झिरपत राहते. बाहेरून हेलियम फवारून आणि तो आत शिरतो का ते डिटेक्टरने पाहून गळती शोधायला जाल तर काही सापडणार नाही, कारण बाहेरून गळतीच नसते. स्क्रूला मधून १ मिमीचे आरपार भोक पाडा किंवा आट्यांवर उभी खाच काढा. वेल्डिंगचेही तसेच: अखंड टिग वेल्ड आतल्या बाजूने, बाहेरून आधारापुरते तुटक टाके. दोन्हीकडून अखंड वेल्ड केले तर मधल्या फटीत हवा अडकते.

धुताना आधी डिटर्जंट, मग डीआयोनाइज्ड पाणी, मग ॲसिटोन, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यानंतर उघड्या हाताने किंवा कॉटन वेस्टने स्पर्श नाही. सिलिकॉन ग्रीसचा डबा या टेबलाच्या आसपासही नको. शॉट ब्लास्टिंग करून आणलेला पार्ट दिसायला स्वच्छ असला तरी त्याच्या खडबडीत पृष्ठात वाळू आणि तेल रुतलेले असते.

व्हॅक्यूम येत नाही: गळती की ओल?

मायनस सहाची रेंज म्हणजे ०.०००००१ मिलिबार. काटा तिथवर उतरत नसेल तर लगेच हेलियम फवारत सुटू नका. व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब कसा चढतो ते घड्याळ लावून पाहा. सरळ रेषेत चढत राहिला तर गळती. आधी चढून मग मंदावला तर भिंतींवरची ओल. ५० लिटरच्या चेंबरमध्ये १०० सेकंदांत ०.००१ मिलिबार चढला, तर सेकंदाला ०.०००५ मिलिबार-लिटर आत येते आहे. ३०० लिटरचा पंप लावला तरी दाब ०.०००००१७ च्या खाली जाणार नाही. हा हिशेब आधी केला तर नवा पंप मागवायची वेळ येत नाही.

हेलियम हलका असतो, वर चढतो, म्हणून फवारणी वरच्या सांध्यापासून खाली आणा. खालून सुरुवात केलीत तर वरचा सांधा गळत असताना खालच्यावर आळ येतो. व्हायटॉनच्या (एक प्रकारच्या रबराच्या) ओ-रिंगमधून काही मिनिटांनी हेलियम आपोआप झिरपतो, तीही गळती नव्हे. गळतीचा काटा काही सेकंदांत हलतो.

दाबाचे गेज नायट्रोजनसाठी कॅलिब्रेट केलेले असते हे विसरू नका. आयन गेज हायड्रोजनमध्ये खऱ्या दाबाच्या निम्म्याहून कमी दाखवते, आर्गॉनमध्ये थोडे जास्त. याचा परिणाम थेट बीमवर होतो. दाब ०.०००१ मिलिबार असेल तर ३० किलोव्होल्टच्या प्रोटॉनपैकी साधारण १० टक्के एका मीटरच्या वाटेत हायड्रोजनच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन उदासीन होतात. ते चुंबकाने वळत नाहीत, कपाच्या मीटरला दिसत नाहीत, पण भिंत तापवतात. दाब दहापट कमी केला की हे नुकसान १ टक्क्यावर येते.

चेंबर उघडताना कोरडा नायट्रोजन भरा. खानापूरकडून झड लागलेली असताना खोलीतली हवा आत घेतली तर पुढचा पूर्ण दिवस पाणी ओढण्यात जातो. वीज अचानक जाते तेव्हा रोटरी पंपाचे तेल मागे चढू नये म्हणून अँटी-सकबॅक व्हॉल्व्ह असल्याची खात्री करा.

हाय व्होल्टेज: उंची, दव आणि गॅसची नळी

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. हवेचा दाब ९२५ मिलिबारच्या आसपास असतो, म्हणजे हवा विरळ, म्हणजे ठिणगी लवकर. कॅटलॉगमधली हवेतली अंतरे समुद्रसपाटीची असतात. त्यात निदान १० टक्के वाढवा, आणि सिरॅमिकच्या पृष्ठावरचे अंतर त्याहून ऐसपैस ठेवा.

चिलर १५ अंशांवर लावणे ही पावसाळ्यातली खास चूक. खोलीत २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २२ च्या आसपास असतो. १५ अंशांच्या नळीवर दव धरते, ते ओघळून इन्सुलेटरवर येते आणि २० किलोव्होल्टच्या पुढे सप्लाय ट्रिप होऊ लागतो. चिलर २५ वर ठेवा आणि पाण्याचा प्रवाह वाढवा.

गॅसचा सिलिंडर जमिनीवर आणि सोर्स ३० किलोव्होल्टवर, मध्ये प्लॅस्टिकची नळी: ही मांडणी चालते, पण नीडल व्हॉल्व्ह (गॅस बारीक प्रमाणात सोडणारा) सोर्सच्या बाजूला असेल तरच. तो जमिनीकडे बसवला तर नळीतला दाब खाली जातो आणि कमी दाबाच्या त्या गॅसमध्ये अख्खी नळी ट्यूबलाइटसारखी उजळते. व्हॉल्व्ह वर न्या, म्हणजे नळीत वातावरणाहून जास्त दाब टिकून राहील.

नव्या इलेक्ट्रोडवर एकदम ३० किलोव्होल्ट चढवू नका. गॅस बंद ठेवून ५ पासून सुरू करा, १-१ ने वाढवा, ठिणगी पडली की १ खाली येऊन पाच-दहा मिनिटे थांबा आणि ३४ पर्यंत नेऊन परत ३० वर या. हात घालण्यापूर्वी अर्थची काठी लावून ती तिथेच टांगून ठेवा. १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३० किलोव्होल्टला ४५ ज्यूल असतात, आणि तेवढे जीव घ्यायला पुरेसे असतात.

उलटे धावणारे इलेक्ट्रॉन सोर्सवर आदळून क्ष-किरण काढतात. ३ मिमी स्टीलमागे ते बरेचसे अडतात, काचेच्या खिडकीतून नाही, म्हणून खिडकीला लेड ग्लास लावा आणि मीटरने तपासा. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) मात्र कधीही सोडू नका. ३० किलोव्होल्टलाही त्यातून न्यूट्रॉन निघतात. बेंच बांधायला घेण्यापूर्वीच अणुऊर्जा नियामक मंडळाकडे परवानगीविषयी लेखी विचारणा करा.

आरएफ कॅव्हिटीचे मॉडेल तपासताना

आरएफ कॅव्हिटी म्हणजे रेडिओलहरींनी कणांना वेग देणारी धातूची पोकळी. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लेहिपा प्रवेगकाचा आरएफक्यू (अशीच सुरुवातीची कॅव्हिटी) ३५२ मेगाहर्ट्झचा आहे आणि तो प्रोटॉनला ३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टवर नेतो. त्याच फ्रिक्वेन्सीचे ॲल्युमिनियमचे मॉडेल इथे मिलिंग करून तपासायचे म्हटले, तर दोन गोष्टी फसवतात. ॲल्युमिनियम दर अंशाला फुगते आणि फ्रिक्वेन्सी सुमारे ८ किलोहर्ट्झने उतरते. सकाळी २२ अंशांना आणि दुपारी ३२ ला घेतलेल्या मापांत ८० चा फरक पडतो. दुसरी गोष्ट हवा. व्हॅक्यूममध्ये फ्रिक्वेन्सी वर सरकते, हे बहुतेकांना माहीत असते आणि ते पुस्तकातले १०० किलोहर्ट्झ जोडून मोकळे होतात. पण बेळगावच्या दाबाला कोरड्या दिवसात हा फरक सुमारे ९५ असतो आणि झडीच्या दिवसात, हवेत पाण्याची वाफ भरलेली असताना, १२० च्या घरात जातो. क्यू (कॅव्हिटीचा अनुनाद किती तीक्ष्ण ते सांगणारा आकडा) ७००० धरला तर बँडविड्थच ५० किलोहर्ट्झ असते, म्हणजे कोरड्या आणि झडीच्या हवेतल्या २५ किलोहर्ट्झच्या फरकानेच अर्धी बँडविड्थ खाल्ली.

अशा वेळी ट्यूनर (फ्रिक्वेन्सी जुळवणारा धातूचा तुकडा) घासायला घेतला जातो, आणि घासलेला धातू परत येत नाही. प्रत्येक मापाशेजारी कॅव्हिटीचे तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता लिहा. जॉब एसी खोलीत रात्रभर ठेवून सकाळी मोजा, तोच आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला की मगच कानस हातात घ्या, आणि एका वेळी लागेल त्याच्या निम्मेच घासा.